तात्यांची रायफल, माझा रविवार

५ जानेवारी, रविवार

तात्यांचा हुकूम असा की नेमबाजानं वही ठेवायची. गोळ्या किती, वारा कुठला, मन कसं होतं. दोन वर्षं मी नुसते आकडे लिहीत आले. आज आकडा लिहायची लाज वाटतेय, म्हणून बाकीचंच लिहिते.

बरं, लिहून टाकते एकदाचं. सहाशेपैकी पाचशे अठ्ठावीस.

साठ गोळ्या, पन्नास मीटर, पालथं पडून. भोंगवलीच्या पुढं जुन्या खाणीत आमचा क्लब आहे. क्लब म्हणजे गेनबा तात्या, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, पाच-सहा मेंबर, पत्र्याची एक शेड, आणि एक बावीस बोअरची रायफल. रायफलसुद्धा आमची नाही. पुण्याच्या संघटनेनं तात्यांच्या शब्दावर वापरायला दिलीय. आता तिकडून निरोप आलाय. फेब्रुवारीतल्या जिल्ह्याच्या स्पर्धेत आपल्यातल्या एकानं तरी पाचशे साठ केले तर रायफल राहील, नाहीतर ती दुसऱ्या क्लबला जाणार. तीन वर्षं आमच्यातलं कोणी तिथवर पोचलेलं नाही, त्यामुळं त्यांना बोल लावायलाही तोंड नाही. बाकीचे मेंबर हौशी, चहा प्यायला येतात. तात्यांचे डोळे आता साथ देत नाहीत. राहिले कोण, तर मी.

मी किकवीत पिठाची गिरणी चालवते. दिवसभर पट्ट्याचा आवाज, पांढऱ्या भुवया आणि "सोनियाताई, माझं दळण आधी". दोन वर्षांपूर्वी जत्रेत फुग्यांच्या गाड्यावर मी एकामागून एक फुगे फोडत सुटले, तेव्हा गाडेवाल्यानं बंदूक काढून घेतली आणि मागं उभ्या असलेल्या तात्यांनी मला क्लबात नेलं. तेव्हापासून रविवारची सकाळ माझी. त्या दोन तासांत गिरणी नको, सासूबाई नकोत, नवरासुद्धा नको, असं मी पहिल्याच दिवशी घरात ठणकावून सांगितलंय. रायफल गेली की ते दोन तास गेले. मग मी, गहू आणि बाजरी, मरेपर्यंत.

तात्या म्हणाले, "श्वास चुकतोय तुजा."

मी म्हटलं, "रायफल चुकतीय."

"रायफल कदी चुकत न्हाई, पोरी. मागचा माणूस चुकतो."

एवढा राग आला की चहा न पिताच निघाले.

यांनी टेम्पोतून घरी आणलं. हे म्हणजे आमचे मालक, सोमनाथ. भाजीपाला वाहतात. रविवारी मार्केट बंद असतं तरी यांचा भोंगवलीकडं फेरा कसा काय निघतो, देव जाणे. वाटेत विचारतात, "गोळ्या एकाच बाजूला जात्यात का सगळीकडं?" म्हटलं, तुमाला काय कळतंय त्यातलं? यांनी गिअर बदलला.

८ जानेवारी, बुधवार

हे हल्ली जेवताना मोबाईल तांब्याला टेकवून ठेवतात. एक गोरा माणूस इंग्रजीत बडबडत कसले तरी स्क्रू खोलतो आणि परत बसवतो. यांचं इंग्रजी हॉर्न ओके प्लीजच्या पुढं गेलेलं नाही. टेम्पोचंच काहीतरी असेल. आज आमटीत मी मीठ टाकायला विसरले होते, तेही यांना कळलं नाही. सासूबाईंना कळलं.

१२ जानेवारी, रविवार

आज तात्यांशी कडाक्याचं भांडण झालं. आणि मी बरोबर होते.

झालं असं. आज मी गोळ्यांकडं नीट बघितलं. पहिल्या दहा-बारा कुठंही. एक वर, एक डावीकडं, एक तर टार्गेटच्या कडेला. त्यानंतर मात्र हळूहळू जवळ येतात. दर रविवारी असंच होतं. मी आपली समजत होते की माझंच अंग उशिरा तापतं.

मग डोक्यात गिरणी आली. दगडाला छिन्नीनं टाकी लावली की पहिलं दळण कुणाचं घ्यायचं यावरून बायकांत जुंपते, कारण त्या पिठात कचकच येते. म्हणून मी आधी कोंडा घालून दगड फिरवून घेते. तात्या दर रविवारी नेम झाला की बॅरल पुसतात. साधं नाही, चिंधी पांढरीशुभ्र निघेपर्यंत. म्हणजे दर रविवारी मी नुकत्याच टाकी लावलेल्या दगडावर दळतेय की. नंतर घरी येताना यांनाही सहज बोलले. म्हणाले, "अस्संच अस्तं. त्या गोळीला मेणासारखं वंगण अस्तंय म्हणं. ते आत बसल्याबिगर बॅरल सरळ हुत न्हाई." म्हटलं तुमाला कुणी सांगितलं? म्हणाले, "इंजिनाचं बी तसंच अस्तं."

तात्यांना मात्र तिथंच म्हटलं होतं, "तात्या, स्पर्धेपर्यंत बॅरल पुसू नका."

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्यांना अंघोळ करू नका म्हणाले. "तीस वर्सं फौजेत काडली म्या. घाण बॅरल दिसली तर पाठीवर पोतं देऊन मैदान पळवत व्हते. आन् तू मला सांगतीस पुसू नका?"

"ती बंदूक वायली, ही वायली."

"बंदूक म्हंजी बंदूक."

मी काहीतरी जास्त बोलले. तात्यांनी रायफल पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि सायकल हाताशी धरून चालत निघून गेले. नुसतं चढावर नाही, सपाटीवरसुद्धा चालतच गेले.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

तीळगूळ घेऊन तात्यांकडं गेले. यांचा नेमका भोंगवलीला फेरा होता, बरं झालं. तात्या अंगणात बसले होते. मी वाटी पुढं केली आणि नेहमीचं म्हटलं. ते बराच वेळ तीळगूळ चघळत राहिले. सणाला अबोला धरायचा नाही, एवढं तात्या पाळतात.

"आठवडाभर पुसत न्हाई," शेवटी म्हणाले. "पर गंज चढला तर मला तुज्या गिरणीच्या पट्ट्याला बांद."

हळदीकुंकवात आज चार ब्लाउजपीस मिळाले, चारही भडक पोपटी. हा रंग कोण शिवतं देव जाणे, नुसता या घरातून त्या घरात फिरतो. हे म्हणाले, "दे हिकडं, टेम्पोत फडकं म्हणून हुतील." दिले.

१९ जानेवारी, रविवार

पाचशे एकेचाळीस. आणि पहिल्या दहा गोळ्या सगळ्या काळ्या चांदात. तात्यांनी दुर्बिणीतून बघितलं, मग दुर्बीण पुसून परत बघितलं. जाताना मात्र सवयीनं हात चिंधीकडं गेला, तो त्यांनीच मागं घेतला. बिचाऱ्यांना पाप केल्यासारखं वाटत असणार.

आणखी एक झालं. रेंजवर बसायच्या जागेपासून टार्गेटपर्यंत बांबूच्या काठ्या रोवल्यात आणि त्यांना कापडाच्या पट्ट्या बांधल्यात. वारा कुठून कसा येतोय ते आता डोळ्यानं दिसतं. खाणीत वारा मध्येच वळतो हे दोन वर्षांत आज कळलं. मी तात्यांचे आभार मानले तर म्हणाले, "म्या न्हाई बांदल्या." तात्यांना उपकार दाखवायला आवडत नाही. पट्ट्या पोपटी आहेत. त्यांच्या सूनबाईंनाही तेच ब्लाउजपीस आले असणार.

२३ जानेवारी, गुरुवार

आता खरं कोण चुकतंय, मी की रायफल, ते एकदाचं ठरवायचं आहे. त्यासाठी रायफल कशावर तरी घट्ट टेकवून मारायला हवी. म्हणजे माझा श्वास, माझी नाडी, माझा राग, सगळं बाजूला. विकत मिळणाऱ्या उशा परवडत नाहीत. मी यांच्या जुन्या जीनच्या पायांच्या दोन पिशव्या शिवल्या. आत वाळू घातली तर शिवणीतून गळायला लागली. मग नाचणी घातली. नाचणी बारीक, जड, दाबली की आकार धरते. एकदम झकास.

नाचणी सासूबाईंची. त्यांच्या माहेराहून, गुंजवण्याहून येते, आणि तिच्यावर त्यांचा फार जीव. बराच वेळ पिशवी दाबून बघत होत्या.

"बंदुकीला उशी," म्हणाल्या. "मला हितं आल्यापास्नं कुणी उशी शिवली न्हाई."

दुपारी बसून त्यांनाही एक शिवली. कापसाची. घेतली, उलटसुलट करून बघितली. संध्याकाळी शेजारच्या बाळाबाईला दाखवत होत्या.

२६ जानेवारी, रविवार

शाळेत झेंडावंदन करून तसेच रेंजवर गेलो. नाचणीच्या उशांवर रायफल ठेवली आणि कपाटात पडलेल्या चार जातींच्या गोळ्या एकामागून एक मारून बघितल्या. जात बदलली की आधी दहा वाया घालवायच्या, मग मोजायचं.

तात्यांनी एक परदेशी डबी स्पर्धेसाठी जपून ठेवलीय. सोनेरी अक्षरांची. तिला हात लावायचा तर आधी हात धुवायला लावतात. ती सगळ्यात वाईट निघाली. पोह्यासारखी पसरली. आणि सगळ्यात चांगली कुठली, तर फाटक्या खोक्यातली साधी, जी तात्या नवशिक्यांना देतात. म्हणजे मी नवशिकी होते तेव्हा चांगल्या गोळ्या मारत होते आणि शिकल्यावर वाईट. तात्या म्हणाले, "हिला चांगलं सोसत न्हाई." रायफलीला म्हणाले, मला नाही, असं समजून घेतलं.

पण एक गोष्ट अजून खटकतेय. चांगल्या गोळीचेसुद्धा दोन ढीग पडतात. एक मधोमध, दुसरा उजवीकडं वर. उशीवर टेकवून, मी फक्त बोट दाबत असताना. म्हणजे मी नाही. मी नाही, मी नाही, मी नाही. तात्यांना तीनदा म्हणायला लावलं. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी आले आणि उशा ओसरीवर ठेवून अंघोळीला गेले. बाहेर येईस्तोवर सासूबाईंनी एक उशी उसवून नाचणी जात्यावर घेतली होती. "उन्हात ठिवली की किडं हुत्यात," म्हणाल्या. घरात गिरणी असताना यांना जातं लागतं. भाकरी मात्र फक्कड झाली होती. हे तीन भाकरी खाऊन म्हणाले, "दारूगोळा बरा लागतोय."

३० जानेवारी, गुरुवार

हे सकाळी टेम्पो पुसता पुसता म्हणाले, "बॅरल आन् लाकडाच्या मदून दहाची नोट सरकती का गं?"

मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुमचं?

"सहज इचारलं," म्हणाले आणि काच पुसायला लागले.

२ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते आठवून अजून पोट दुखतंय.

यांचं ते नोटेचं डोक्यात राहिलं होतं. नसतं खूळ, पण दहाची नोट पर्समध्ये होतीच. टोकाकडून बॅरलखाली घातली आणि मागं सरकवली. जराशी गेली आणि अडकली. दुसऱ्या बाजूनं घातली, तिथंच अडकली. तात्यांना म्हटलं, आत काहीतरी आहे. तात्या म्हणाले काही नाही. मी म्हटलं उघडा. तात्या म्हणाले, तीस वर्षं. मी म्हटलं, तात्या, तीळगूळ.

शेवटी त्यांनी दोन स्क्रू काढले आणि बॅरल लाकडावेगळी केली.

आतल्या खाचेत काय होतं, तर हळद, कुंकू आणि नारळाचं पाणी यांचा वाळून दगड झालेला थर. आणि त्यात रुतलेले तांदूळ.

आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग तात्या खाली बसले. दर खंडेनवमीला ते रायफल पाटावर ठेवतात. गोंडा बांधतात, हळदकुंकू वाहतात, समोर नारळ फोडतात आणि अक्षता टाकतात. आम्हीही टाकतो, मेंबर सगळे, रांगेनं. आठ वर्षं. बॅरल आतून चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसायची, पण देवाचं कुंकू कोण पुसणार? ते झिरपून आत गेलं आणि बॅरलला एका अंगानं टेकू देऊन बसलं. गार असताना गोळी मधोमध, बॅरल तापून फुगली की टेकू लागला आणि गोळी उजवीकडं वर.

मी एक दाणा नखानं काढून बघितला. "इंद्रायणी," मी म्हटलं. "निम्मी माझ्याच घरची असंल."

तात्या हसले नाहीत. चेहरा इतका पडला की माझंही हसू विरलं. "देवाच्या नावानं केलं ना म्या," म्हणाले. "तीन वर्सं पोरांना बोल लावत आलो. श्वास चुकतोय, हात हलतोय. आन् इस्कोट म्याच केला व्हता."

मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. मला एकदम फार माया आली म्हाताऱ्याची. म्हटलं, "तात्या, तुमी एकट्यानं न्हाई टाकल्या. म्या बी टाकल्यात, मूठमूठ. मला वाटलं जास्त टाकल्या की जास्त पावती."

मग तात्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग ठसका लागला, मग डोळ्यांतून पाणी. आम्ही दोघं त्या खाणीत वेड्यासारखे हसत होतो. दात कोरायच्या काडीनं एकेक दाणा काढून तात्यांनी रुमालात बांधला. तुळशीत टाकणार म्हणाले. फेकून देववणार नाही ते बरोबरच आहे.

घरी यांना सांगितलं तर टेम्पो कडेला थांबवून हसले. आणि मग म्हणाले, "म्हंजी नोट खरंच अडकली?" इतके खूश झाले की जणू यांनीच अडकवली होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तात्यांकडं रायफल परत जोडली. यांनी एक पाना आणला होता. त्यात आकडा लावला की तेवढाच जोर लागतो, मग कट्ट वाजतं. कुणा मित्राकडं पडून होता म्हणे. नवा कोरा दिसतोय, मित्र वापरत नसावा.

हे रायफलीला हात लावेनात. "तुमची वस्तू हाय, म्या लांबूनच सांगतो," म्हणून ओट्यावर बसून तात्यांना शिकवत होते. एक स्क्रू एकदम आवळायचा नाही. थोडा पुढचा, थोडा मागचा, परत पुढचा. दोन्ही सारख्या जोराचे. इंजिनाचं हेड बसवताना असंच करतात म्हणे. सुभेदार तात्या "व्हय, व्हय" करत ऐकत होते. मला गंमत वाटली. माझ्या माणसाला चार गोष्टी येतात हे दुसऱ्याच्या ओट्यावर कळतं.

आता नोट टोकापासून पार आतपर्यंत सुळकन जाते. तात्यांनी पाच-सहा वेळा घालून बघितली.

९ फेब्रुवारी, रविवार

उशीवरून दहा गोळ्या. सगळ्या मिळून एकच भोक. तात्यांनी खिशातून रुपया काढून त्यावर ठेवला. भोक झाकलं गेलं.

तात्यांनी रुपया उचलून मला दिला. मी तो ओटीत घेतला.

दुपारभर गिरणीत गुणगुणत होते. बाळाबाई म्हणाली, लग्न ठरलं का कुणाचं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

एक गोष्ट कुणाला बोलले नाही ती इथं लिहिते. मला भीती वाटतेय. रायफल वाईट होती तेव्हा बरं होतं. हुकलं की तिच्यावर ढकलायचं. आता ती हुकणार नाही. म्हणजे आता हुकलं तर मीच. आणि मग तात्यांचा क्लब माझ्यामुळं जाणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाचशे एकोणपन्नास. उशीशिवाय, दंडाला पट्टा बांधून, पालथं पडून. रायफल सोन्यासारखी आणि हात माझे भुशासारखे. प्रत्येक गोळीनंतर दुर्बिणीत बघायचे, मनात बेरीज करायचे आणि पुढची बिघडवायचे. तात्या म्हणाले, "हुईल." पण ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

येताना रडले. यांनी रसवंतीपाशी टेम्पो थांबवला आणि दोन ग्लास सांगितले.

"म्हातारी दळण घेऊन येती," हे म्हणाले. "तू पीठ काट्यावर टाकतीस. ती म्हणती, सोनिया, कमी भरलं गं. तवा तू कुठं बघतीस?"

"काट्याकडं."

"तिच्या तोंडाकडं न्हाई?"

"तिच्या तोंडाकडं बगितलं तर दिवसभर तिचंच पीठ तोलत बसावं लागंल."

"मग तितं बी काट्याकडंच बग की. बेरीज करायला माणसं असत्यात."

रस आलेला होता, प्यायलो. एवढंच बोलणं झालं. पण घरी येईपर्यंत छातीवरचं ओझं निम्मं झालं होतं. हे असं कधीतरीच बोलतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उद्या. सासूबाई स्वतःहून म्हणाल्या की उद्या गिरणीत त्या बसतील. ज्यांनी बारा वर्षांत पट्ट्याच्या जवळ पाऊल टाकलं नाही, त्या. "सोमानं शिकवलंय मला बटण," म्हणाल्या. कधी शिकवलं कोण जाणे. गिऱ्हाइकांचं काही खरं नाही उद्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

अक्षर वाचता आलं नाही तर नाही. लिहायचंच आहे.

पहाटे निघालो. पुढं तिघं दाटीवाटीनं. हे चालवायला, मध्ये मी, दाराकडं तात्या, आणि तात्यांच्या मांडीवर रायफलीची पेटी. पुण्याच्या रेंजवर पोचलो तेव्हा सगळीकडं रंगीत जाकिटं घातलेल्या पोरी, चकचकीत रायफली, इंग्रजी. माझं जाकीट तात्यांच्या जुन्या फौजी कोटाचं, मी उसवून शिवलेलं. हे म्हणाले, "म्या टेम्पोतच पडतो, डुलकी काडतो." म्हटलं, बरं.

सरावाच्या गोळ्या मारून बॅरलमध्ये वंगण बसवून घेतलं. मग सुरू.

पहिल्या दहा चांगल्या गेल्या. दुसऱ्या दहाला वारा फिरला आणि एक आठ आली. सवयीनं बेरीज सुरू झाली. मग मी काट्याकडं बघायला लागले. नळीच्या टोकावरची नेमाची माशी, गोल चांद, आणि बोट. मागची गोळी गेली ती गेली, म्हातारी पीठ घेऊन गेली. पुढचं दळण. किती झाल्या, किती राहिल्या, खरंच माहीत नव्हतं. एकदा बंदूक भरायला हात खाली गेला तर खोक्यात गोळीच नाही. संपल्या होत्या. मला वाटलं अजून दहा आहेत.

टार्गेटं आणली. टेबलाशी मोजणी सुरू झाली आणि तात्या माझा दंड धरून उभे राहिले. मोजणाऱ्या बाईंनी आकडे घातले, परत घातले, आणि एका टार्गेटवर थांबल्या. एक गोळी रेघेला टेकलीय की नाही ते डोळ्याला कळेना. टेकली असेल तर दहा, नसेल तर नऊ. दहा धरले तर पाचशे साठ. नऊ धरले तर पाचशे एकोणसाठ.

त्यांनी एक पितळी माप काढलं, भोकात अलगद बसवलं आणि भिंग लावलं. तात्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. काट्याकडंच बघत होते.

"टेन," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात मागं प्रेक्षकांच्या जागेतून कोणीतरी एवढ्यानं ओरडलं की सगळी रेंज वळून बघायला लागली. कुस्तीच्या फडात ओरडतात तसं. वर्दीतल्या माणसानं तिकडं धावत जाऊन "शांतता, शांतता" केलं. असेल कुणाचा तरी नातेवाईक. मला बघायला वेळ नव्हता, कारण तात्या रडत होते आणि मी तात्यांना धरून नाचत होते. एका सुभेदाराला धरून, जिल्ह्यासमोर. रायफल राहिली. क्लब राहिला. माझी रविवारची सकाळ राहिली. मी मोठ्यानं रडले, मोठ्यानं हसले आणि कुणाचीही लाज वाटली नाही.

बाहेर आलो तर हे टेम्पोला टेकून उभे. सांगितलं. म्हणाले, "बरं झालं." आवाज पार बसलेला, फाटक्या पिपाणीसारखा. म्हटलं, घशाला काय झालं? म्हणाले, "धूळ."

निघालो. तात्यांनी लगेच मान टाकली. आता या रस्त्याचं काम चालू आहे, सकाळी जाताना अंधारात एकेक खड्डा हाडांनी मोजला होता. पेटी उडू नये म्हणून तात्यांनी ती पोराला धरावं तशी धरली होती. पण परतताना एक दणका बसेल तर शपथ. पेटी आपली गप मांडीवर. घाट गेला, खेड शिवापूर गेलं. मी म्हटलं, "दिवसभरात रस्ता नीट केला का काय यांनी?"

मी समोर बघितलं. रस्ता तोच होता. खड्डे तेच. हे एकेका खड्ड्याला वळसा घालत होते, मागचे ट्रक हॉर्न मारत होते, शिव्या देत होते, आणि हे दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, कपाळाला आठी घालून, एखादं तान्हं मूल झोपवून न्यावं तशी गाडी नेत होते. मी यांच्या गळ्याकडं बघितलं. ओरडून ओरडून शिरा अजून फुगलेल्या होत्या.

मग मला एकेक करून सगळं कळायला लागलं. किकवी येईपर्यंत कळतच होतं.

"अहो," मी म्हटलं.

"काय?"

"तुमी मला लई आवडता."

यांचे कान लाल झाले. नजर रस्त्यावरच. त्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "तात्या हायेत शेजारी."

तात्यांनी डोळे उघडले नाहीत. "म्या झोपलोय," म्हणाले.